विलायतेच्या दारातली सनद

परदेशी विद्यापीठात शिकायला निघालेल्या मुलाने बरोबर काय न्यायचं, असं आज कुणी विचारलं तर यादी तोंडपाठ असते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, बँकेचा दाखला. ही यादी नव्या जमान्याची वाटते, पण ती फार जुनी आहे. मुंबई बंदरातून बोटीवर चढलेल्या पहिल्या पिढीच्या हातातही अशीच एक यादी होती. आम्ही उर्दू शाळांतून शिकवणारी मंडळी त्या पिढीची नावं भाषणांत मोठ्या अभिमानाने घेतो. बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी, सय्यद महमूद, अल्लामा इक्बाल. पण ही माणसं त्या दारातून आत शिरली कशी, दारावर त्यांना काय विचारलं गेलं, हे वर्गात क्वचितच सांगतो.

इल्मासाठी सफर करणं ही मुसलमानी जगातली जुनी रीत. तिथे सनद संस्थेची नसे, उस्तादाची असे. अमुक शागिर्दाने अमुक किताब आमच्यापुढे वाचली, ती पुढे शिकवायची त्याला इजाजत आहे, एवढंच तिच्यात लिहिलेलं असे. कैरोच्या अल्-अझहरमध्ये दूरदेशीच्या विद्यार्थ्यांसाठी मुलुखवार रिवाक होते. शामींचा, मगरिबींचा, तुर्कांचा आणि हिंदींचाही. परीक्षा नव्हती असं नाही, पण ती उस्ताद घेई आणि रोज घेई. आपल्याच देशातल्या नालंदाबद्दल ह्युएन त्संग लिहून गेला आहे, की दारातच कठीण प्रश्न विचारले जात आणि दहातले सात-आठ जण आल्या पावली परत जात. ते प्रश्न मात्र इल्माचेच असत.

विलायतेत पहिला प्रश्न इल्माचा नव्हता, ईमानाचा होता. ऑक्सफर्डमध्ये नाव दाखल करतानाच इंग्लंडच्या चर्चची ३९ कलमं मान्य असल्याची सही करावी लागे. ही अट १८५४ पर्यंत टिकली. केंब्रिजमध्ये शिकायला बसू देत, पण पदवी घ्यायची वेळ आली की तिथेही धर्माची कसोटी आडवी येई. ती १८५६ मध्ये पदवीपुरती सैल झाली. उरलेलं बंधन १८७१ च्या कायद्याने गेलं. हे बंधन काही फक्त मुसलमानांसाठी नव्हतं. यहुदी, कॅथलिक, चर्चबाहेरचे प्रॉटेस्टंट, सगळेच त्यात अडकत. त्यांच्याच धडपडीतून १८२६ मध्ये लंडनला धर्म न विचारणारं एक कॉलेज निघालं आणि १८३६ मध्ये लंडन विद्यापीठाला सनद मिळाली. आपल्या मुलांना पुढे जे दार मिळालं ते असं दुसऱ्यांच्या लढाईतून उघडलेलं होतं, हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

या दारातून शिरलेल्या पहिल्या काही हिंदी लोकांत मुंबईच्या तय्यबअली यांचे मुलगे होते. कमरुद्दीन १८५८ मध्ये इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले. तो मान मिळवणारे ते पहिले हिंदी. धाकटे बद्रुद्दीन १८४४ चे. मुंबईच्या मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टनमध्ये गेले आणि १८६० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, विलायतेला रवाना झाले. तिथे त्यांना सरळ बॅरिस्टरीला बसता आलं असतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आधी शाळा, मग लंडन विद्यापीठाची मॅट्रिक. आणि त्या मॅट्रिकला लॅटिन सक्तीचं. फारसीत तयार झालेला मुलगा लंडनच्या शाळेत लॅटिनच्या विभक्त्या घोकतो आहे, हे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. मॅट्रिक पार करून १८६३ मध्ये ते मिडल टेंपलमध्ये दाखल झाले. डोळ्यांच्या दुखण्याने मध्येच मुंबईला परतावं लागलं. पुन्हा गेले, आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन आले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर.

इथे लॅटिनचं थोडं उकलून सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. त्या काळी इंग्लंडमध्ये शिकलेला माणूस म्हणजे ज्याला लॅटिन आणि ग्रीक येतं तो, अशी समजूत होती. आपल्याकडे आलिम म्हणजे अरबी-फारसी जाणणारा आणि पंडित म्हणजे संस्कृत जाणणारा, तसंच. फरक एवढाच, की त्यांची समजूत नियम म्हणून छापलेली होती आणि सात समुद्र ओलांडून येणाऱ्यालाही लागू होती. १८५५ मध्ये सिव्हिल सर्व्हिसची खुली परीक्षा सुरू झाली. तिच्यात लॅटिनला ७५० गुण, ग्रीकला ७५०, अरबीला ३७५ आणि संस्कृतला ३७५. ज्या मुलखावर राज्य करायचं त्याच्या भाषांची किंमत बरोबर निम्मी! आणि तरीही १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर त्या परीक्षेत निवडले गेले.

आता दुसरी बाजू. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्याच नमुन्यावर. मुंबईची मॅट्रिक १८५९ पासून सुरू झाली. पण इथे अभिजात भाषा म्हणून संस्कृत घेता येई, फारसीही घेता येई. हा फरक वरवर लहान वाटतो. लंडनच्या चार इन्सचा, म्हणजे बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थांचा, नियम असा होता की ब्रिटिश राज्यातल्या कोणत्याही विद्यापीठाची परीक्षा दिलेली असेल तर त्यांच्या प्रवेशपरीक्षेला बसायची गरज नाही. या प्रवेशपरीक्षेत इंग्रजी, इंग्लंडचा इतिहास आणि लॅटिन होतं. म्हणजे फारसी घेऊन मुंबईची मॅट्रिक झालेला मुलगा लॅटिनचं एक अक्षर न शिकता लिंकन्स इनच्या दारातून आत जाऊ शकत होता. मॅट्रिक न झालेल्याला मात्र लॅटिन सुटत नव्हतं.

दोन उदाहरणं शेजारी ठेवली की हे स्पष्ट होतं. मोहनदास गांधी १८८७ मध्ये मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक झाले आणि १८८८ मध्ये इनर टेंपलमध्ये दाखल झाले. त्या दाखल्यावर त्यांना आडकाठी झाली नाही. (राजकोटच्या शाळेत फारसी सोपी म्हणून ते एक दिवस फारसीच्या वर्गात जाऊन बसले होते, संस्कृतच्या गुरुजींना वाईट वाटलं म्हणून परत गेले, असं त्यांनी आत्मकथेत लिहिलं आहे. फारसीच्या मास्तरांना काय वाटलं ते कुणी विचारलेलं दिसत नाही.) लंडनची मॅट्रिक त्यांनी नंतर हौसेने दिली. तिथे लॅटिनमध्ये पहिल्यांदा नापास झाले, आणि १८९० मध्ये दुसऱ्या खेपेला पास झाले.

दुसरा मुलगा कराचीचा. महंमद अली जिना. त्यांचं पुढचं राजकारण हा या लेखाचा विषय नाही, आणि त्याची किंमत आपल्या समाजाने किती मोजली हे वाचकांना आम्ही सांगायला नको. इथे ते फक्त सोळा वर्षांचे, मॅट्रिक न झालेले, एका व्यापारी पेढीत काम शिकायला लंडनला आलेले पोर आहेत. १८९३ मध्ये त्यांनी लिंकन्स इनमध्ये जायचं ठरवलं. मॅट्रिकचा दाखला नाही, म्हणून प्रवेशपरीक्षा आली, आणि तिच्याबरोबर लॅटिन आलं. त्यांनी काय केलं? अर्ज केला. लॅटिनमधून सूट मिळावी असा लेखी अर्ज. सूट मिळाली. त्याच वर्षी परीक्षा देऊन ते दाखल झाले आणि १८९६ मध्ये बॅरिस्टर झाले. नियम पुढच्या वर्षी कडक होणार आहेत हे कळल्यामुळे घाई केली, असं त्यांनी पुढे सांगितल्याचं त्यांच्या बहिणीने नोंदवलं आहे.

आम्हाला या गोष्टीत हुशारीपेक्षा दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. नियम वाचायचा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, आणि त्यात सुटीची जागा दिसली तर अदबीने पण लेखी मागायची. आपल्याकडे मूल एका अटीत बसत नाही म्हटलं की बाप म्हणतो, "जाऊ द्या सर, नसीब." अर्ज करायचं कुणाच्या मनात येत नाही. अर्ज कसा लिहायचा हे आपणही शिकवत नाही. उर्दूच्या पेपरात 'दरख्वास्त' पाच गुणांना असते, तेवढीच.

इन्समध्ये शिरल्यावरही एक मजेशीर अट होती. बारा सत्रं हजेरी लावायची, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं, आणि ही हजेरी वर्गातली नाही, जेवणावळीतली. गांधीजींनी लिहिलं आहे, की एका सत्रात साधारण चोवीस जेवणं असत, त्यांतल्या निदान सहांना बसावं लागे. खाल्लंच पाहिजे असं नाही, हजर असलं म्हणजे झालं. चौघांत दारूच्या दोन बाटल्या ठेवत, त्यामुळे न पिणाऱ्या गांधीजींना आपल्या टेबलावर घ्यायला सगळे उत्सुक असत. आमच्या बुजुर्गांनी त्या टेबलांवर काय टाळलं आणि काय खाल्लं याची चर्चा आम्ही करणार नाही. पण ज्या तीन वर्षांनी बॅरिस्टर घडे, त्यांची मोजणी ताटांवर होत होती, हे खरं.

वयाची गोष्ट याहून गंभीर आहे, आणि तिच्यात आपल्या मुंबई इलाख्यातला एक माणूस आहे. १८६९ च्या सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले. बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त आणि बिहारीलाल गुप्ता, आणि मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. वयाची मर्यादा एकवीस. बॅनर्जी आणि ठाकूर यांची नावं निकालानंतर कमी करण्यात आली. कारण विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या नोंदीत त्यांचं वय जे लिहिलं होतं त्यावरून हिशेब केला तर ते एकवीसच्या पुढे जात होते. खोटं कुणीच बोललं नव्हतं. बॅनर्जींचा जन्म नोव्हेंबर १८४८ चा. डिसेंबर १८६३ मध्ये मॅट्रिकला बसताना त्यांना पंधरा पूर्ण झाली होती आणि आपल्या रीतीप्रमाणे त्यांनी सोळा लिहिलं, कारण सोळावं चालू होतं. इंग्रज पूर्ण झालेली वर्षं मोजतात, आपण चालू असलेलं मोजतो. एवढ्या एका फरकाने परीक्षा पास झालेला माणूस बाहेर! प्रकरण लंडनच्या क्वीन्स बेंच कोर्टात गेलं आणि दोघांची नावं परत यादीत आली.

सिव्हिल सर्व्हिस म्हणजे विद्यापीठ नव्हे, हे मान्य. पण अडवणारा कागद विद्यापीठाचाच होता, आणि तो भरताना मुलाच्या किंवा त्याच्या पालकाच्या मनात विलायत नव्हतीच. आमच्या शाळांची जनरल रजिस्टरं उघडून पाहा. अर्ध्या वर्गाचा जन्म १ जूनचा. एका घरातली तीन भावंडं, तिघांचा वाढदिवस एकच. जन्माची नोंद नव्हती, गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या सोयीची तारीख टाकली. नावाचंही तेच. दाखल्यावर शेख, आधारवर शेक, बापाच्या रेशनकार्डावर आणखी तिसरंच. गावात कुणाचं काही अडत नाही. अडतं ते पासपोर्टच्या खिडकीवर किंवा परदेशी विद्यापीठाच्या अर्जात, जिथे समोरच्याला आपली रीत ठाऊक नसते आणि ठाऊक करून घ्यायची गरजही नसते.

पदवी हातात असली तरी ती तिथे पूर्ण किमतीला चालेल अशी खात्री नव्हती. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर होऊन केंब्रिजला गेले आणि तिथे पुन्हा पदवीच्याच परीक्षेला बसले. १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले, तो इतिहास महाराष्ट्राला पाठ आहे. इक्बाल तर लाहोरला एम.ए. होऊन, तिथे शिकवून, १९०५ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले, आणि तिथे त्यांनी मिळवली ती पदवी कोणती? बी.ए. बाहेरच्या पदवीधरांना प्रबंध लिहून केंब्रिजची पदवी घेता यावी म्हणून 'प्रगत विद्यार्थी' असा एक वर्ग तिथे केलेला होता, त्यातून ते गेले. पीएच.डी. केंब्रिजमध्ये तेव्हा नव्हतीच, ती पहिल्या महायुद्धानंतर आली. म्हणून ते जर्मनीकडे वळले. म्युनिक विद्यापीठाने त्यांना ठरावीक मुदत तिथे राहून शिकण्याची अट माफ केली आणि प्रबंध इंग्रजीत सादर करू दिला. विषय इराणातल्या तत्त्वज्ञानाचा. १९०७ मध्ये पीएच.डी., १९०८ मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर. एम.ए. झालेल्या माणसाने तिशीत बी.ए. व्हायला लाज मानली नाही, हे आमच्या त्या सहकाऱ्यांनी लक्षात घ्यावं, ज्यांना बी.एड. झाल्यावर पुन्हा विद्यार्थी होणं कमीपणाचं वाटतं.

मुलींसाठी दार आणखी अरुंद. नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पहिल्या आल्या. विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती गुणांवर त्यांची होती, पण त्या स्त्री म्हणून ती नाकारली गेली. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे जमवले तेव्हा त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डला पोहोचल्या. १८९२ मध्ये खास परवानगीने कायद्याच्या परीक्षेला बसल्या, पदवी मात्र स्त्रियांना दिली जात नव्हती, ती हातात पडायला १९२२ उजाडलं. तय्यबजींच्याच गोतावळ्यातल्या अतिया फैजी १९०६ मध्ये लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात अध्यापनाचं शिक्षण घ्यायला गेल्या. प्रकृतीमुळे अभ्यासक्रम पुरा न करताच १९०७ मध्ये परतल्या. पण तिथून त्या जे लिहून पाठवत ते लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ'त छापून येई आणि घरोघरच्या मुली वाचत. पुढे 'जमाना-ए-तहसील' या नावाने त्याचं पुस्तक झालं.

१९०९ नंतर यादीत एक नवा कागद आला. त्या वर्षी जुलैमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या. हिंदी विद्यार्थ्यांकडे पाहण्याची सरकारची नजर आधीच बदलत होती. १९०७ मध्ये त्यांच्याविषयी एक समितीही नेमली गेली होती. आता त्यांच्यासाठी इंडिया ऑफिसच्या देखरेखीखाली एक शैक्षणिक सल्लागार बसला, आणि ओळखपाळख, चालचलणूक, घराणं यांची शिफारस अर्थपूर्ण झाली. या जागेवर आले टॉमस अर्नोल्ड. अलीगढला आणि लाहोरला शिकवलेले, इक्बालांचे लाडके उस्ताद. इक्बालांनी आपला प्रबंध त्यांनाच अर्पण केला आहे. मुलांचं भलं व्हावं अशी त्यांची इच्छा नव्हती असं कोण म्हणेल? पण क्रॉमवेल रोडवरचं ते कार्यालय म्हणजे हेरांचा अड्डा, असंच बहुतेक विद्यार्थी मानत. त्याच सुमारास विनायक दामोदर सावरकरांना, सगळ्या परीक्षा पास होऊनही, ग्रेज इनने बॅरिस्टर करायला नकार दिला. ईमानाची सही १८७१ मध्ये गेली होती, निष्ठेची चौकशी तिच्या जागी आली.

डॉ. आंबेडकर १९१६ मध्ये कोलंबियाहून लंडनला पोहोचले ते याच वातावरणात. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली, म्हणून १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. पण निघण्याआधी चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेतली. १९२० मध्ये ते परत गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. ती परवानगी हातात नसती तर काय झालं असतं, याचा विचार ज्यांच्या मुलांचं शिक्षण पैशापायी मध्येच थांबतं त्यांनी करावा.

ग्रीकची सक्ती केंब्रिजने १९१९ मध्ये आणि ऑक्सफर्डने १९२० मध्ये उठवली. लॅटिनची १९६० मध्ये. पण दार भाषेविना राहिलं नाही. केंब्रिजने परदेशीयांसाठी इंग्रजीची परीक्षा १९१३ मध्येच काढली होती. पहिल्या वर्षी तिला तीनच जण बसले आणि तिघेही नापास झाले. आज ज्या आयईएल्टीएसच्या नावाने आमची मुलं घाबरतात ती १९८९ पासूनची. लॅटिनच्या मानाने ती सोपी आहे असं आम्ही म्हणतो तेव्हा मुलं हसतात.

बद्रुद्दीन तय्यबजींकडे पुन्हा वळू. विलायतेहून येऊन सात वर्षं होत होती. मुंबईत बॅरिस्टरी जोरात होती. मॅट्रिक झालेले मुसलमान मुलगे मात्र बोटांवर मोजण्याइतके. जो दाखला हातात असला की लॅटिन सुटतं, तोच त्यांच्याकडे नव्हता. १८७४ मध्ये थोरले बंधू कमरुद्दीन, नाखुदा महंमद अली रोगे, मुन्शी गुलाम महंमद यांना बरोबर घेऊन त्यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. शाळेसाठी पैसे गोळा करायला, सरकारशी पत्रव्यवहार करायला आणखी सहा वर्षं गेली. सप्टेंबर १८८० मध्ये शाळा सुरू झाली.